तीर्थनच्या कांठीं आठ दिवस

"हिमालयांत गेलां, आणि तें मासे धरायला?" पुण्यास परतल्यावर हा प्रश्न आम्हांस इतक्या वेळां ऐकावा लागला कीं, शेवटीं त्याचें उत्तर एकदां नीट मांडावें म्हणून हा लेख लिहावयास बसलों. बदरी-केदारची यात्रा करून आलों असतों तर शेजारच्या मंडळींनीं गंगेची कुपी मागितली असती. काश्मीरहून आलों असतों तर केशराची पुडी. परंतु ब्राह्मणाच्या घरांतलीं, साठी उलटलेलीं दोन माणसें कुलूच्या एका आडवळणी खोऱ्यांत आठ दिवस राहतात आणि दिवसभर एका माशाची वाट पाहतात, ही गोष्ट कोणासहि पटण्यासारखी नव्हती. निघतांना ती आम्हांस तरी कोठें पटली होती?

झालें तें असें. आमचा मुलगा नोकरीनिमित्त चंदिगडास असतो. तीन-चार वर्षांपासून सुटी मिळाली कीं घरीं येण्याऐवजीं तो काठी आणि दोर घेऊन तीर्थन नदीवर जाऊं लागला. दोन दिवाळ्या त्याच्यावांचून गेल्या. एके दिवशीं हातांत मासा धरलेलें आपलें छायाचित्र त्यानें पाठविलें, आणि खालीं लिहिलें, "लगेच सोडून दिला." सौभाग्यवतीचें माहेर महाडकडचें. तेथें वाळणकोंडीच्या डोहांत देवीचे म्हणून राखलेले मोठे मासे आहेत. लहानपणीं त्यांना चुरमुरे घातल्याशिवाय ती परतत नसे. तें छायाचित्र पाहून तिनें फोनवर एवढेंच विचारलें, "खायचा नव्हता, तर त्याच्या तोंडांत गळ कशाला रुतवलास?" मुलाला तें लागलें. बोलण्यानें बोलणें वाढलें, आणि पुढें दोन महिने मायलेकांचा अबोला होता. शेवटीं त्याचें पत्र आलें: "एकदां दोघेंहि येऊन पाहा. मग काय बोलायचें तें बोला." म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्यें, कोजागिरीनंतर चौथ्या दिवशीं, आम्ही तिघें बंजारच्या गाडींत बसलों होतों.

मनालीकडे जाणारीं वाहनें औटच्या बोगद्यांतून पुढें निघून जातात. बंजारची वाट तेथून वळून लारजीस येते. लारजीस बियास नदी धरणानें अडविलेली आहे. पाणी हिरवट, गाळानें जड, आणि इतकें निश्चल कीं, ही नदी आहे हें कोणी सांगितल्याशिवाय कळूं नये. येथेंच सैंज आणि तीर्थन ह्या नद्या येऊन मिळतात. सैंजवरहि मोठीं वीजघरें झालीं आहेत. तीर्थनवर मात्र तसें धरण नाहीं. गाडीनें वळण घेतलें आणि आधीं तिचा आवाज आंत आला, मग ती दिसली: हत्तीएवढ्या पांढऱ्या धोंड्यांमधून वाट काढणारी, कोठें फेंसाळ, कोठें बाटलीच्या कांचेसारखी हिरवी, आणि इतकी नितळ कीं चालत्या गाडींतूनहि तळचे गोटे वेगळे दिसावेत. मुलगा कांहींच बोलला नाहीं. आमच्या तोंडाकडे पाहत राहिला.

वाटेंत गाडी थांबली, कारण समोरून ढोल आणि रणशिंगें वाजवीत एका देवाची पालखी येत होती. आपला दसरा संपतो त्या दिवशीं कुलूचा दसरा सुरू होतो आणि सात दिवस चालतो. खोऱ्याखोऱ्यांतील देव रघुनाथजींच्या भेटीसाठीं कुलूस जमतात. तो उत्सव आटोपून हे देव पायीं पायीं आपल्या गांवीं परतत होते. सौ.नें गाडींतूनच हात जोडले. तिच्या चेहऱ्यावरचा ताण तेथें पहिल्यानें थोडा सैल झाला.

गुशैणी हें गांव सुमारें १५०० मीटर उंचीवर आहे. फलाचन नांवाचा ओढा येथें तीर्थनला मिळतो. आमचें उतरण्याचें घर नदीच्या पलीकडे होतें, आणि तेथें जाण्यास पूल नव्हता. तारेवरून सरकणारा एक लोखंडी पाळणा होता. सौ.नें पदर खोंचला, डोळे मिटले आणि पलीकडे पोंचेपर्यंत रामरक्षा म्हटली. घर जुन्या पद्धतीचें होतें. एक थर देवदाराच्या तुळयांचा, त्यावर एक थर दगडांचा, पुन्हां तुळया, अशा भिंती चुन्यावांचून रचतात. धरणीकंपांत तें घर हलतें, पण सहसा पडत नाहीं, असें घरधनी म्हणाला. छपरावर मक्याचीं कणसें वाळत घातलीं होतीं, आणि उतारावरच्या बायका हिंवाळ्याच्या बेगमीसाठीं गवत कापीत होत्या.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलानें आपली विद्या आम्हांस दाखविली. आपल्याकडे गळ म्हणजे दोराच्या टोंकास जड शिसें आणि आमिषाला गांडूळ. येथें सर्व उलटें. आमिष म्हणजे कोंबड्याचें पीस रेशमानें गळावर गुंडाळून केलेली माशी. तिला वजन असें नसतेंच. वजन असतें तें दोराला. काठी मागें नेली कीं दोर हवेंत मागें उलगडत जातो. तो पुरता उलगडेपर्यंत क्षणभर थांबावयाचें, आणि मग काठी पुढें आणावयाची. तो क्षण चुकला कीं सगळा गुंता पायांशीं. आम्हीं प्रयत्न केला, आणि गळ मागच्या झाडांत जाऊन अडकला. "बाबा, तुम्ही मागें थांबत नाहीं," मुलगा हंसून म्हणाला. चाळीस वर्षें कचेरींत घाईनें काम केलेल्या माणसाला हा दोष नवा नव्हता.

पण खरी विद्या दोर टाकण्याची नव्हे, पाणी वाचण्याची. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो. फार पोहला तर खाल्लेलें अन्न त्यांतच खर्च होईल. म्हणून धोंड्याच्या आडोशाला, जेथें वेगाचें पाणी आणि संथ पाणी एकमेकांस घांसून जातें अशा रेषेवर, तो दबा धरतो आणि वाहत येणारे किडे टिपतो. ती रेषा प्रथम आम्हांस दिसेना. नदी म्हणजे नुसता एक पांढरा गलबला होता. अर्धा दिवस पाहिल्यावर तो गलबला वेगळा वेगळा होऊं लागला. येथें पाणी उलटें फिरतें, येथें खालीं दडी मारतें, येथें एक वीतभर जागा अगदीं शांत आहे. मुलानें पाण्यांतला एक दगड उलटून आईच्या हातांत दिला. त्याच्या खालच्या अंगाला बारीक वाळूचे कण चिकटवून केलेली, बोटाच्या पेराएवढी नळी होती, आणि नळींतून एक अळी तोंड बाहेर काढीत होती. "आई, हें तिचें घर. पाणी घाण झालें कीं पहिल्यानें ह्या जाती नाहींशा होतात, मग मासे." सौ.नें तो दगड जसा होता तसाच, त्याच जागीं, हळूच ठेवला.

एरवीं थंड हवेच्या ठिकाणीं गेलों कीं आम्ही डोंगर पाहतों ते चित्र पाहावें तसे, आणि चहाची वेळ झाली कीं परततों. येथें एका माशासाठीं तासन् तास गप्प बसावें लागलें, आणि त्या गप्प बसण्यांत डोंगरच आपण होऊन जवळ आला. साळुंकीहून लहान, काळपट तपकिरी, आंखूड शेंपटीचा एक पक्षी धोंड्यावर येऊन उठाबशा काढी, आणि पाहतां पाहतां सरळ पाण्याखालीं चालत जाई. बाहेर येई तो चोंचींत अळी घेऊनच. इंग्रजींत त्याला डिपर म्हणतात. आपल्या सह्याद्रींतील शीळकरी कस्तुराचा निळा भाऊबंद पहांटे पाण्याच्या आवाजावर मात करून शीळ घाली. ऊन आधीं समोरच्या कड्याच्या माथ्यावरील देवदारांस लागे, मग पायरी पायरीनें उतरत अकराच्या सुमारास आमच्या पायांशीं पोंचे. दुपार कलली कीं तितक्याच झपाट्यानें वर चढून जाई. सावली पडतांच थंडी पाण्यांतून उठून येते कीं काय असें वाटे.

हा मासा मूळचा येथला नव्हे. काश्मीरांत त्याचीं अंडीं विलायतेहून आणविलीं. १८९९ सालची पहिली खेप वाटेंतच मेली, १९०० सालची जगली. काश्मीरहून १९०९ साली तीं कुलूंत आलीं, आणि हॉवेल नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या खटपटीनें बियासच्या कांठीं महिली येथें पिल्लें वाढविण्याचें केंद्र झालें. साहेबाला स्वदेशांतली करमणूक हवी होती, एवढाच त्याचा उगम. येथला मूळचा मासा गुगली. तो बिचारा दगडावरचें शेवाळ खाऊन राहणारा. पाहुणा मांसाहारी. त्याच्यापुढें वरच्या पाण्यांत गुगलीची जागा आकसली, हें मुलानें आपण होऊन सांगितलें. परंतु गोष्टीला दुसरीहि बाजू आहे. ह्या खोऱ्यांत वीजप्रकल्प येऊं घातले तेव्हां बंजारकडील लोकांनीं न्यायालयापर्यंत जाऊन त्यांस विरोध केला आणि नदी मोकळी राहिली. नदी कां राखावी ह्याचीं जीं कारणें पुढें झालीं, त्यांत ट्राउट हें एक होतें. त्याला थंड, वाहतें, हवेनें भरलेलें पाणी लागतें. पाणी २० अंशांच्या पुढें तापलें कीं तो कासावीस होतो. म्हणजे साहेबाच्या छंदाचा मासा नदीच्या बाजूनें साक्षीला उभा राहिला. इतिहासाचे हिशेब असे वांकडे असतात.

चौथ्या दिवशीं तो प्रसंग घडला. तीन दिवसांत मुलानें पांच-सहा मासे धरले आणि सोडले होते. गळाच्या टोंकास मागें वळलेला जो कांटा असतो तो त्यानें पकडीनें दाबून टाकलेला असे; हात आधीं पाण्यांत भिजवी, मासा पाण्याबाहेर फार वेळ ठेवीत नसे, आणि प्रवाहाकडे तोंड करून तो आपण होऊन निघून जाईपर्यंत धरून राही. सौ. पाहत होती, पण बोलत नव्हती. त्या दिवशीं संध्याकाळीं एका मोठ्या माशानें माशी खोल गिळली. गळ निघाला, पण कल्ल्यांतून रक्त येऊं लागलें. मुलानें त्याला पाण्यांत धरलें. तो कुशीवर कलला. पुन्हां सरळ धरलें, पुन्हां कलला. पिंवळसर अंगावर काळे आणि तांबडे ठिपके, प्रत्येक तांबड्या ठिपक्याभोंवतीं फिकट कडें, असें तें सुंदर शरीर त्याच्या हातांत सैल पडत चाललें होतें. मुलगा एकदम लहान दिसूं लागला. आम्हांस वाटलें, आतां ही त्याला बोलणार.

ती धोंड्यांवरून सांवरत खालीं उतरली, त्याच्या शेजारीं ओल्या वाळूंत बसली आणि म्हणाली, "तो जगणार नाहीं. त्याला ताटकळत ठेवूं नकोस." मुलानें गोटा घेतला आणि एका घावांत संपविलें. "आतां टाकूं नकोस," ती म्हणाली. "मारलास, तर खा."

रात्रीं घरच्या बाईनें मोहरीच्या तेलांत तो मासा तळला. आम्ही दोघांनीं खाल्ला नाहीं. जन्माची संवय तशी सुटत नाहीं, आणि सोडण्याचें कारणहि नव्हतें. परंतु सौ. पानावरून उठली नाहीं. मुलानें शेवटचा घांस खाईपर्यंत ती चुलीपाशीं बसून राहिली. मग मुलगाच म्हणाला, "आई, तूं विचारलेंस तें खरें होतें. मी सोडतों म्हणून त्याला कांहीं होत नाहीं, असें मी स्वतःला सांगत होतों."

"अरे, पण मलाहि एक दिसलें," ती म्हणाली. "मी नदीला काय विचारलें होतें कधीं? चुरमुरे टाकले आणि घरीं आलें."

त्या रात्रीं आम्हांस बराच वेळ झोंप आली नाहीं. नदीचा आवाज चालूच होता. आमच्या मनांत लारजीचें तें निश्चल हिरवें पाणी पुन्हां पुन्हां येई. मुंबईच्या दिव्यांसाठीं मुळशीचीं गांवें पाण्याखालीं गेलीं, आणि १९२१ साली तेथें सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं सत्याग्रह झाला, हें आपण शाळेंत शिकलों. पण दिवा लावतांना तें कोणाच्या मनांत येतें? मुलाच्या हातांतला गळ आम्हांस दिसला, म्हणून आम्ही रागावलों. आमच्या हातचे गळ दूर कोठें तरी रुततात. रक्त आपल्या अंगणांत सांडत नाहीं इतकेंच. ह्यानें त्या माशाचें मरण योग्य ठरतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण न्यायाधीशाच्या खुर्चीवरून आम्ही त्या रात्रीं उतरलों, हें खरें.

सहाव्या दिवशीं वरच्या अरण्यांत गेलों. गुशैणीहून आठ-नऊ किलोमीटर चाललें कीं ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाचें दार लागतें. क्षेत्रफळ सुमारें ७५४ चौरस किलोमीटर. उद्यानाची घोषणा पुरी झाली १९९९ साली, आणि जागतिक वारशाच्या यादींत तें आलें २०१४ साली. दारापाशीं काठी गुंडाळून ठेवावी लागते, कारण आंत मासा धरण्यास मनाई आहे. आमचा वाटाड्या खालच्याच गांवचा. त्याचे वाडवडील ह्याच वाटेनें मेंढ्या घेऊन वरच्या कुरणांवर जात आणि औषधी मुळ्या आणीत. उद्यान झाल्यावर तो हक्क गेला, थोडा मोबदला मिळाला. "जंगल वांचलें, माताजी, हें चांगलें झालें," तो सौ.ला म्हणाला. "पण आमच्या म्हाताऱ्यांना वरचीं कुरणें अजून स्वप्नांत दिसतात." जगानें वाखाणलेल्या प्रत्येक अरण्यामागें असा कोणी तरी कांहीं तरी सोडून दिलेला असतो.

दाराच्या आंत गेल्यावर मात्र सगळें बदललें. वाट एका माणसापुरती. एका बाजूस शेवाळलेला कडा, दुसऱ्या बाजूस शंभर हात खालीं तीर्थन. खनोरांचीं पानें पिंवळीं होऊन गळत होतीं. वर देवदार आणि कैल, त्यांच्याहि वर उघडा खडक, आणि एका खिंडींतून अचानक दिसलेला बर्फाचा एक तुकडा. ह्याच डोंगरांत जुजुराणा नांवाचा, लाल छातीचा आणि पांढऱ्या ठिपक्यांचा दुर्मिळ पक्षी राहतो. लोक त्याला पक्ष्यांचा राजा मानतात. आम्हांस तो दिसला नाहीं, दिसावा अशी आमची लायकीहि नव्हती. पण कस्तुरीमृगाची आणि अस्वलाची ही भूमि आहे, आणि आपण येथें क्षणाचे पाहुणे आहों, ही जाणीव प्रत्येक वळणावर होत होती. भय वाटलें असें नाहीं. आपला आवाज मात्र आपोआप खालीं आला.

रोल्लाजवळ एका उथळ, गोट्यांच्या पात्रापाशीं मुलानें हात वर करून थांबविलें. पाण्यांत दोन सावल्या होत्या. एक मादी कुशीवर होऊन शेंपटीनें गोटे उडवीत होती; नदीच्या तळाशीं परातीएवढा स्वच्छ खळगा झाला होता. मागें वांकड्या जबड्याचा नर पहारा देत होता. ह्या खळग्यांत अंडीं पडतील, मादी त्यांवर गोटे ओढील, आणि गोट्यांच्या फटींतून खेळणाऱ्या थंड पाण्यावर तीं अख्खा हिंवाळा काढतील. म्हणूनच १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ह्या नदींत गळ टाकण्यास बंदी असते. आम्ही अर्धा-पाऊण तास उभे होतों. काठी नव्हती, तरी पाणी वाचण्याची जी दृष्टि काठीनें दिली होती ती बरोबर आली होती. ती नसती तर त्या दोन सावल्या आम्हांस दिसल्याच नसत्या. सौ. मुलाच्या कानाशीं पुटपुटली, "ओटी भरायला हवी रे हिची." आणि दोघेंहि हंसलीं. दोन महिन्यांत तीं एकमेकांशीं हंसलेलीं आम्हीं प्रथम पाहिलीं.

वसुबारसेच्या दिवशीं आम्ही निघालों. नदी बंद होण्यास अजून तीन दिवस होते, पण मुलानें काठी पिशवींत घातली आणि आमच्याबरोबर पुण्यास आला. फराळाच्या वेळीं शेजाऱ्यांनीं विचारलें, "किती मासे मिळाले?" सौ. म्हणाली, "एक. तोहि मिळाला नसता तर बरें झालें असतें. पण मिळाला, म्हणून पुष्कळ कळलें."

मुलगा अजून तीर्थनवर जातो. पूर्वीहून कमी वेळां गळ टाकतो आणि पूर्वीहून जास्त वेळ बसतो, असें म्हणतो. २०२३ च्या जुलैंत बियासला आलेल्या महापुराच्या खुणा आम्हीं जातांना वाटेवर पाहिल्या होत्या. २०२५ च्या पावसाळ्यांत हिमाचलांतून पुन्हां वाईट बातम्या येऊं लागल्या, तेव्हां आमच्या घरांत रोज रात्रीं फोन होई. सौ. आधीं विचारी, "नदीचें पाणी किती चढलें?" आणि मग, "तूं कसा आहेस?"